‘पुन्हा सुरू करा’ हे बटण

मेलमध्ये एकच वाक्य होतं: ‘नवीन आवृत्ती आली म्हणून तुमचं ते पुन्हा सुरू करा बटण दाबलं, तर अ‍ॅप गेलं ते गेलंच.’ ना लॉग, ना सिस्टिमचं नाव. पण लॉग मागवायची वेळच आली नाही. मी माझ्या मशीनवर बटण दाबलं आणि माझंही अ‍ॅप गेलं ते गेलंच. दोन महिने ते बटण तसंच लोकांच्या हातात होतं. तोवर कुणी ब्र काढला नव्हता, म्हणजे सगळे मुकाट्याने आयकॉनवर पुन्हा क्लिक करून कामाला लागत होते. वापरणाऱ्यांच्या सोशिकपणावर आपली किती सॉफ्टवेअरं तरून जातात, देव जाणे.

अ‍ॅप छोटंसं आहे. स्कॅन केलेली पानं घ्यायची, त्यातला मजकूर ओळखायचा आणि शोधता येईल अशी पीडीएफ बनवून द्यायची. भाषा पायथॉन, खिडक्या-बटणांसाठी जीटीके, आणि पोटात मजकूर ओळखणारं टेसरॅक्ट. फावल्या वेळात मी एकटीच ते सांभाळते. लिनक्सच्या दहा डिस्ट्रोंसाठी (दहा वेगवेगळ्या अवतारांसाठी) दहा पॅकेजं करत बसायचा उत्साह संपला तेव्हा मी सगळं सोडून फक्त फ्लॅटपॅकवर आले: एकच पॅकेज सगळीकडे चालतं, पण बंद पेटीत. ते बरंच झालं. पण सँडबॉक्समध्ये, म्हणजे त्या पेटीत, राहायला गेलं की रोजच्या दोन गोष्टी नव्याने शिकाव्या लागतात: दुसरी प्रोसेस (म्हणजे दुसरा चालता प्रोग्रॅम) कशी सुरू करायची, आणि आपलीच नवी आवृत्ती आल्यावर काय करायचं. माझं बटण नेमकं या दोन्हींच्या सांध्यावर बसलेलं होतं.

आधी आतून काय दिसतं ते सांगते. चालू अ‍ॅपच्या सँडबॉक्समध्ये शेल उघडून प्रोसेसची यादी मागवली की जेमतेम चार ओळी येतात. १ नंबरला पेटी उभारणारा बबलरॅप, २ नंबरला माझं अ‍ॅप, मग तो शेल आणि यादी मागवणारी कमांड. बाहेर शेकडो प्रोसेस धावत असतात, त्यातली एकही इथे दिसत नाही. ‘यूएसआर’ हा फोल्डर माझ्या मशीनचा नसतोच, तो रनटाइमचा, म्हणजे फ्लॅटपॅकने पुरवलेल्या सामाईक लायब्ररींचा असतो. माझा कोड ‘अ‍ॅप’ नावाच्या फोल्डरात, तोही वाचण्यापुरता. स्वतःच्याच घरात भाडेकरू असल्यासारखं वाटतं, भिंतीला खिळा ठोकायचा नाही.

सँडबॉक्समधून दुसरी प्रोसेस सुरूच करता येत नाही, असं मला बरेच जण ठासून सांगतात. येते की. टेसरॅक्ट माझ्या पॅकेजातच आहे. पायथॉनच्या नेहमीच्या सबप्रोसेसने मी त्याला बोलावते आणि ते निमूट चालतं. फक्त ते माझ्याच पेटीत, माझ्याच परवानग्यांनिशी चालतं. अडचण येते ती दोन वेळा. पेटीबाहेरचं काही चालवायचं असेल तेव्हा, किंवा पोराला, म्हणजे आपण जन्माला घातलेल्या प्रोसेसला, आपल्यापेक्षा कमी अधिकार द्यायचे असतील तेव्हा.

पहिल्या मोहात मी एक संध्याकाळ पडले होते. एकाला स्कॅन संपल्यावर स्वतःची स्क्रिप्ट चालवून हवी होती. त्यासाठी ‘फ्लॅटपॅक-स्पॉन’ला होस्टचा, म्हणजे पेटीबाहेरच्या मशीनचा, पर्याय देता येतो, आणि त्याकरता पॅकेजच्या मॅनिफेस्टमध्ये डी-बसवरच्या (प्रोग्रॅमांनी आपसात बोलायच्या वाहिनीवरच्या) एका नावाशी बोलायची परवानगी मागायची. एक ओळ. लगेच चालू झालं. मग मी आतून होस्टवरचा शेल मागवला, तोही आला. माझी सगळी घरची फोल्डरं, सगळी उघडी. कोड लिहिण्याच्या एडिटरांना ही परवानगी लागते हे मला मान्य आहे, त्यांना कंपायलर बाहेरचा वापरायचा असतो. पण पानं स्कॅन करणाऱ्या अ‍ॅपने ती मागणं म्हणजे कुलूप लावून किल्ली दारालाच टांगून ठेवणं. रात्री झोपण्याआधी ती ओळ काढली. त्या गृहस्थांना ‘स्कॅन ज्या फोल्डरात पडतो त्यावर तुमच्या बाजूने पाळत ठेवा’ असं कळवलं. नाराज झाले, पण त्यांचं काम झालं.

दुसरी गरज मात्र खरी होती. लोक माझ्या अ‍ॅपमध्ये कुठून कुठून आलेल्या पीडीएफ टाकतात. पीडीएफ वाचणाऱ्या लायब्ररींमध्ये बग सापडणं ही काही दुर्मीळ गोष्ट नाही, आणि माझ्या अ‍ॅपला कागदपत्रांच्या फोल्डरात हात घालायची परवानगी आहे. तेव्हा पीडीएफची चित्रं करणारी प्रोसेस वेगळ्या, अगदी नागड्या पेटीत चालावी असं मला वाटत होतं. फाइलचा एक उघडलेला डिस्क्रिप्टर (त्या एका फाइलीपुरता पास) हातात, बाकी घर नाही, नेटवर्क नाही. फ्लॅटपॅकच्या पोर्टलमध्ये ‘स्पॉन’ नावाची मेथड आहे ती यासाठीच. अ‍ॅप डी-बसवरून पोर्टलला विनंती करतं, पोर्टल असतं पेटीबाहेर, आणि ते माझ्या वतीने नवी पेटी उघडून त्यात कमांड चालवतं.

काय हवं ते आकड्यांच्या फ्लॅगने सांगायचं. ४ म्हणजे कडक सँडबॉक्स. ८ म्हणजे नेटवर्क बंद. १६ म्हणजे मागणारा डी-बसवरून नाहीसा झाला की पोरालाही मारून टाक. शेवटचा मला फार आवडला. माझं अ‍ॅप कोसळलं तर मागे अनाथ प्रोसेस पानं पालटत राहायला नकोत. तर ४ अधिक ८ अधिक १६, एकूण २८. हा १६ लक्षात ठेवा, पुढे यायचा आहे.

पहिल्याच विनंतीला उत्तर आलं: कमांड दिलेली नाही. मी तर कमांड दिली होती, डोळ्यांसमोर दिसत होती. तासाभराने उलगडा झाला. कमांड आणि तिचे आर्ग्युमेंट तिथे साध्या स्ट्रिंग म्हणून जात नाहीत, बाइटच्या माळा म्हणून जातात, आणि प्रत्येक माळेच्या शेवटी शून्य बाइट लागतो. पायथॉनमधून बाइट पाठवताना तो कुणी आपणहून लावत नाही. शून्य नसेल तर पलीकडे ती माळ रिकामी समजली जाते. म्हणजे पोर्टलच्या दृष्टीने मी खरोखरच काही न बोलता नुसती दारात उभी होते.

मग एन्व्हायर्नमेंट, म्हणजे प्रोसेसला सोबत मिळणारी सेटिंगांची यादी. साधी चाइल्ड प्रोसेस आईबापांचं एन्व्हायर्नमेंट घेऊनच जन्मते, ती सवय इतकी अंगवळणी पडलेली असते की तिचा विचारही येत नाही. टेसरॅक्टला भाषांच्या फाइली कुठे आहेत ते ‘टेसडेटा_प्रीफिक्स’मधून कळतं, आणि ते मी अ‍ॅप सुरू होताना स्वतः बसवते. टेसरॅक्टही नव्या पेटीत हलवून पाहिलं तर त्याला एकही भाषा सापडेना. साहजिक आहे, नवी पेटी पोर्टलने उघडली, मी नाही. जे द्यायचं ते विनंतीतच एकेक करून लिहून द्यावं लागतं.

ही एन्व्हायर्नमेंटची यादी दिसते तितकी भोळी नाही, हे मला नंतर कळलं. २०२१च्या जानेवारीत ‘सीव्हीई-२०२१-२१२६१’ हा सुरक्षेतला दोष जाहीर झाला, तो इथलाच. अ‍ॅपने दिलेले व्हेरिएबल पोर्टल नव्या पेटीच्या आत बसवायच्याऐवजी, पेटी उघडणाऱ्या ‘फ्लॅटपॅक रन’ कमांडलाच देत होतं. ती कमांड चालते बाहेर, सगळ्या अधिकारांनिशी. मग आतल्या अ‍ॅपने एखादा मोक्याचा व्हेरिएबल धाडला की बाहेर हवं ते चालवता येत होतं. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात ते हेच. दुरुस्ती फ्लॅटपॅकच्या १.८.५ आणि १.१०.० मध्ये आली. मला त्यातून उमगलं ते इतकंच, की पोर्टल म्हणजे नुसती खिडकी नाही. तिथे एक जास्त अधिकारांचा माणूस बसलेला आहे, आणि त्याच्या हातात मी काय देते यावर बरंच अवलंबून असतं.

त्यानंतर पीआयडी, म्हणजे प्रोसेसचा नंबर. ‘स्पॉन’ आपल्याला एक नंबर परत देतं, समजा ४८२१३. रद्द करा बटणावर मी त्या नंबराला नेहमीसारखा सिग्नल पाठवला. अशी प्रोसेसच नाही, असं उत्तर. बरोबरच आहे. तो नंबर बाहेरच्या जगातला, आणि माझं जग १, २, ३ वर संपतं. त्याला मारायचं तर पुन्हा पोर्टललाच सांगायचं, ‘स्पॉनसिग्नल’ म्हणून वेगळी मेथड आहे. मी हे एका जुन्या सहकाऱ्याला वैतागून सांगत होते. तो पॅकेजिंगमध्ये मुरलेला. म्हणाला, ‘अगं, तुला दिलाय तो टोकन नंबर आहे. काउंटरवर दाखवायचा. तो हातात घेऊन तू आतल्या खोलीत माणूस शोधत फिरतेस.’

आणि हो, २५६. पोर संपलं की ‘स्पॉनएक्झिटेड’ सिग्नल येतो, त्यात एक आकडा असतो. मी तो जसाच्या तसा एरर डायलॉगमध्ये छापला होता. लोक विचारायला लागले, एरर २५६ म्हणजे काय? काही नाही, तो एक्झिट कोड १ आहे. पोर्टल जे देतं ते ‘वेटपीआयडी’ देतं तसं कच्चं स्टेटस असतं, कोड वरच्या आठ बिटांत. सोडवून घ्यावा लागतो. कुणीतरी ‘२५६’ इंटरनेटवर शोधून ग्राफिक्स ड्रायव्हर पुन्हा बसवला होता. त्यांची मी मनापासून माफी मागितली.

हे सगळे सोपस्कार फक्त माझ्यासारखीलाच करावे लागतात असं नाही. क्रोमियम ब्राउझरची तर याहून पंचाईत. त्याला प्रत्येक टॅबसाठी स्वतःचा सँडबॉक्स उभारायचा असतो, त्यासाठी एक तर सेटयूआयडी (जास्त अधिकारांनी चालणारा) मदतनीस हवा किंवा नवी यूजर नेमस्पेस (कर्नलने दिलेलं वेगळं कुंपण), आणि फ्लॅटपॅकच्या आत हे दोन्ही रस्ते बंद. म्हणून ‘झायपॅक’ नावाची गोष्ट निघाली. ती ‘एलडी_प्रीलोड’ने (प्रोग्रॅम सुरू होताना आपला कोड आधी घालायच्या सोयीने) मध्ये घुसते आणि क्रोमियमला वाटतं आपण आपल्याच पद्धतीने पोरं काढतोय, प्रत्यक्षात विनंती जाते याच ‘स्पॉन’कडे. क्रोमियमवर उभी असलेली इलेक्ट्रॉनची अ‍ॅपंही त्यावरच चालतात. वेबकिट-जीटीके या वेब इंजिनाला मुळातच ठाऊक आहे की आपण फ्लॅटपॅकमध्ये आहोत, ते सरळ ‘फ्लॅटपॅक-स्पॉन’ वापरतं. तोंडाला फेस आणणारं काम आहे, आणि ते करणाऱ्यांचं नाव सहसा कुणाला माहीत नसतं.

आता अपडेट. इथे मला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण मी प्रश्नच चुकीचा विचारत होते. ‘नवी आवृत्ती आली आहे का?’ हा प्रश्न सँडबॉक्समध्ये पुरत नाही. तिथे एका वेळी तीन आवृत्त्या असू शकतात. एक आत्ता मेमरीत चालू आहे ती. एक डिस्कवर बसवलेली. आणि एक दूर रिपॉझिटरीत, म्हणजे आवृत्त्यांच्या कोठारात, आलेली. पोर्टलकडून ‘अपडेट मॉनिटर’ मागून घेतला की तो सिग्नलमधून तिन्हींचे कमिट (आवृत्तीची ओळखखूण) देतो: चालू, स्थानिक, दूरचा. स्थानिक आणि दूरचा वेगळे असले तर उतरवून घ्यायचं बाकी आहे. चालू आणि स्थानिक वेगळे असले तर सगळं आलंय, फक्त तुम्ही अजून जुन्यात बसला आहात.

चालू आणि स्थानिक वेगळे होऊ शकतात याचं मला आधी आश्चर्य वाटलं होतं. पण रचनाच तशी आहे. फ्लॅटपॅक फाइली ओएसट्री नावाच्या साठ्यात ठेवतं, प्रत्येक कमिटचा स्वतंत्र फोल्डर, त्यातल्या फाइली साठ्यातल्या वस्तूंच्या हार्डलिंक (प्रत नव्हे, त्याच फाइलीचं दुसरं नाव). नवी आवृत्ती आली की शेजारी नवा फोल्डर उभा राहतो आणि ‘अ‍ॅक्टिव्ह’ नावाची लिंक जुन्याकडून नव्याकडे वळते. चालू अ‍ॅपच्या पेटीत जुना फोल्डर जोडलेला असतो, तो जागचा हलत नाही. पायाखालची फाइल बदलली म्हणून कोसळलं, हा प्रकारच नाही. जुना फोल्डर वापरात आहे तोवर पुसत नाहीत, बाजूला सरकवून ठेवतात. इतकंच काय, जुन्या आवृत्तीने ‘स्पॉन’ केलं तर पोरही त्याच जुन्या कमिटमधून उघडतं. पीडीएफची चित्रं करणारी माझी प्रोसेस कधी आईपेक्षा नवी निघत नाही, हा केवढा दिलासा आहे हे ज्यांनी दोन आवृत्त्यांची सरमिसळ एकदा निस्तरली आहे त्यांना कळेल.

पेटीतल्या अ‍ॅपला ही बातमी कशी कळते, तेही मजेदार आहे. नवी आवृत्ती बसली की जुन्या फोल्डरात ‘डॉट अपडेटेड’ नावाची फाइल उगवते. मॉनिटर तिच्यावर नजर ठेवून असतो, त्यामुळे सॉफ्टवेअर सेंटरने मागच्या मागे अपडेट केलं तरी सिग्नल जवळजवळ लगेच येतो. दूरच्या रिपॉझिटरीची चौकशी मात्र पोर्टल दर ३० मिनिटांनी करतं, आणि नेट मोजून मिळणारं असेल तर करतच नाही. हे मला माहीत नव्हतं. मी स्वतःची लोकल रिपॉझिटरी उभारली, पहिली आवृत्ती बसवून चालू केली, दुसरी रिपॉझिटरीत टाकली आणि बघत बसले. काही होईना. कोड उलटापालटा केला, पुन्हा बसले. काही होईना. शेवटी कंटाळून उठले आणि परत आले तेव्हा पडद्यावर निळी पट्टी आलेली, ‘नवी आवृत्ती उपलब्ध’. त्यात माझ्या कुठल्याही बदलाचा वाटा नव्हता, अर्धा तास झाला होता. चाचणीपुरतं पोर्टल हाताने सुरू करून हा वेळ कमी करता येतो, ‘पोल-टाइमआउट’ असा पर्याय आहे. तो आधी वाचला असता तर एक रविवार वाचला असता.

आता बटणाकडे. पट्टीवर ‘पुन्हा सुरू करा’. दाबल्यावर ‘स्पॉन’ला फ्लॅग २ देऊन मागायचं. २ म्हणजे चालू कमिट नको, बसवलेली सगळ्यात नवी आवृत्ती उघड. ती उघडली की आपण बंद व्हायचं. दोन ओळींचं काम.

‘फ्लॅटपॅक पीएस’ ही कमांड चालू पेट्यांची यादी देते. ती दर अर्ध्या सेकंदाला छापत ठेवली आणि बटण दाबलं. आधी एक ओळ. मग दोन. मग एक. मग शून्य. दोन होत होत्या म्हणजे नवी आवृत्ती उघडत होती. मग ती का जात होती?

पहिलं कारण जीटीकेच्या जगातलं जुनंच आहे, फक्त मी ते या कोनातून पाहिलं नव्हतं. माझं अ‍ॅप एका वेळी एकच चालतं. सुरू होताना ते डी-बसवर आपलं नाव मागतं. नाव आधीच कुणाकडे असलं तर ‘तू आहेस ना, मग तूच खिडकी पुढे आण’ असं त्याला सांगून स्वतः निघून जातं. नव्या आवृत्तीने येऊन पाहिलं, नाव जुनीकडे आहे. तिने जुनीला निरोप दिला आणि नम्रपणे निघून गेली. जुनी तोवर आवराआवर करून निघालेलीच होती. ‘पहले आप’ म्हणत दोघींची गाडी चुकली.

यावर उपाय आहे. जीटीकेच्या खालच्या जीलिब लायब्ररीत २.६० पासून जुन्या अ‍ॅपला ‘मला बदललं तरी चालेल’ असं जाहीर करता येतं आणि नव्याला ‘मी जागा घ्यायला आलोय’ असं. मग नाव नव्याकडे जातं, जुन्याला नाव गेल्याचा सिग्नल मिळतो आणि ते आपोआप बंद होतं. सुटसुटीत. मी दोन्ही फ्लॅग लावले, बटण दाबलं. या वेळी नवी खिडकी चक्क दिसली. पापणी लवते न लवते तोच गेली.

इथे मी दोन संध्याकाळी घालवल्या. नाव सोडण्याच्या वेळा बदलून पाहिल्या, मध्ये थांबून पाहिलं, तीन सेकंद थांबले तर खिडकी तीन सेकंद टिकली. पाच थांबले तर पाच. हे पाहूनही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही, याचं मला आजही नवल वाटतं. शेवटी पोर्टलला जाणारी विनंतीच डी-बसवर टिपली आणि फ्लॅगचा आकडा पाहिला. २ नव्हता. १८ होता.

१८ म्हणजे २ अधिक १६. पीडीएफच्या वेळी ‘स्पॉन’साठी मी एक फंक्शन लिहून ठेवलं होतं, आणि अनाथ प्रोसेस राहू नयेत म्हणून १६ त्यात कायमचा घालून ठेवला होता. इतका शहाणपणाचा वाटला होता की कुठे लिहूनही ठेवला नाही. बटणाचा कोड त्याच फंक्शनमधून जात होता. म्हणजे मी पोर्टलला सांगत होते: नवी आवृत्ती उघड, आणि जुनी गेली की तिलाही मार. पोर्टलने एकदाही चूक केली नाही. सांगितलं ते दर वेळी चोख केलं.

१६ काढला. दोनावरून एक, आणि एकच राहिला. शून्य नाही. रात्री साडेबारा वाजता मी त्या एका ओळीकडे बराच वेळ बघत बसले.

दुसऱ्या दिवशी दुरुस्ती पाठवली, सोबत आनंदाने लिहिलं, पुन्हा सुरू करण्याची अडचण सुटली. तीन दिवसांत चार मेल. ‘सुटलेली नाही. आत्ताच अपडेट घेतलं, बटण दाबलं, अ‍ॅप गेलं.’ पोटात गोळा आला. मग कपाळावर हात मारून घेतला. बटण दाबतं कोण? जे चालू आहे ते. आणि चालू आहे ती जुनी आवृत्ती. तिच्या पोटात १८ आहे, बदललं तरी चालेल असं तिने कुठेही जाहीर केलेलं नाही. माझी दुरुस्ती डिस्कवर पोचली होती, पण तिच्यावर काम करायची पाळी यायची ती त्यापुढच्या अपडेटला. पुन्हा सुरू होण्याच्या कोडमधला कुठलाही बग असाच एक आवृत्ती उशिरा सुटतो, आणि नवा बग घातलात तर तोही एक आवृत्ती उशिरा उगवतो. म्हणजे चाचणी करताना ‘आजची आवृत्ती नीट चालते का’ हे पाहून उपयोग नाही. आजची आवृत्ती उद्याच्याला जागा देते का, ते पाहायचं. तेव्हापासून मी दर वेळी एक खोटी ‘उद्याची’ आवृत्ती बांधते, तिच्यात नंबराखेरीज काहीच वेगळं नसतं, आणि आजचीवरून तिच्यावर उडी मारून बघते.

पट्टीवर आधी आणखी एक बटण होतं, ‘आत्ता अपडेट करा’. मॉनिटरला ‘अपडेट’ अशी मेथड आहे, ती बोलावली की पोर्टल वापरणाऱ्याला एकदा विचारतं, हे अ‍ॅप स्वतःला अपडेट करू पाहतंय, चालेल का, आणि मग प्रगतीचे आकडे पाठवत राहतं. दिसायला झकास. पण नव्या आवृत्तीला जुनीपेक्षा एकही परवानगी जास्त लागत असेल तर पोर्टल साफ नकार देतं, ते सिस्टिमच्या साधनांनीच करा म्हणतं. हा नियम मला शंभर टक्के पटतो. नाही तर आज गरीब दिसणारं अ‍ॅप उद्या गुपचूप सगळं घर मागून घेईल. पण मी स्कॅनरसाठी डिव्हाइसची परवानगी वाढवली त्या आवृत्तीला माझं ते बटण प्रत्येकाकडे लाल झालं, आणि मला प्रत्येकाला समजावत बसावं लागलं. तेव्हा ठरवलं, आपण कशाला त्यात पडायचं? उतरवून बसवणं हे सॉफ्टवेअर सेंटरचं काम, ते त्याला चांगलं जमतं. मी ते बटण काढून टाकलं. आता पट्टी येते ती फक्त चालू आणि स्थानिक वेगळे झाले तरच. यावर मतभेद असू शकतात, महिनोन्महिने बंद न होणाऱ्या अ‍ॅपचं गणित वेगळं असेल. माझं अ‍ॅप लोक तासाभरात मिटतात.

एक शेवटचं काम राहिलं होतं. पुन्हा सुरू झाल्यावर उघडी पानं, झूम, कुठवर वाचलं होतं ते सगळं परत जागेवर यावं. बटण दाबताच, ‘स्पॉन’ करायच्या आधी, मी ते सगळं अ‍ॅपच्या स्वतःच्या फोल्डरात एका छोट्या फाइलीत लिहिते आणि नवी आवृत्ती ते वाचून फाइल पुसून टाकते. लिहिणारी जुनी, वाचणारी नवी, म्हणून फाइलीच्या पहिल्याच ओळीत तिच्या साच्याचा नंबर. साचा ओळखीचा नसेल तर नवी आवृत्ती मुकाट्याने कोरी उघडते. एव्हाना मला या दोघींच्या स्वभावाचा अंदाज आला होता.

त्यापुढची आवृत्ती निघाली. आठवडाभर मेल नाही. मग एक आली, पहिल्यासारखीच एका वाक्याची. ‘तुमचं ते पुन्हा सुरू करा बटण चालत नाही, दाबलं तर काहीच होत नाही.’ या वेळी मी लॉग मागवला. त्यात जुनी आवृत्ती बंद झालेली होती, नवी उघडलेली होती, मध्ये एक सेकंदही गेलेला नव्हता. त्यांचं चौदावं पान चौदाव्या पानावरच होतं, झूमसुद्धा तेवढाच.

मी उत्तरात लिहिलं, ‘मेनूमध्ये माहितीच्या पानावर आवृत्तीचा नंबर बघता का?’ थोड्या वेळाने उत्तर आलं: ‘अरेच्चा.’